गणिताला घाबरणाऱ्या मुलाशेजारी बसताना

नववी-दहावीतलं एखादं मूल तुमच्याकडे आलंय. भाचा असेल, समोरच्या वाड्यातली मुलगी असेल, नाहीतर तुमचंच लेकरू. त्याची आई म्हणाली, "जरा याचं गणित बघा ना, बाकी सगळ्यात ठीक आहे." तुम्ही शिक्षक नाही. बँकेतून निवृत्त झाला असाल, किंवा स्वतःच कॉलेजात असाल. गणित तुम्हाला येतं, पण ज्याच्या पोटात वही उघडतानाच गोळा येतो त्याच्याशी सुरुवात कुठून करायची ते ठाऊक नाही. तुमच्यासाठी हे लिहिते आहे.

मी ग्वाल्हेरला, तिथल्या लष्कर नावाच्या भागात राहते. बरीच वर्षं संध्याकाळी आमच्या ओसरीवर अशी दोन-चार मुलं येऊन बसतात. सुरुवातीला मी त्यांना गणिताची गोडी लावायला बघायची: गमतीच्या गोष्टी सांगायच्या, "गणित किती सुंदर असतं" म्हणायचं. मुलं मान डोलवायची आणि घटक चाचणीत पुन्हा शंभरात अकरा आणायची. मग माझ्या लक्षात आलं की मी उलट्या टोकाने चालले होते. ज्या गोष्टीत आपण रोज हरतो ती कुणालाच आवडत नाही. आधी थोडं जमावं लागतं, खरंखुरं, स्वतःच्या हाताने. आवड त्याच्या मागून येते, कधी महिन्याने, कधी चार महिन्यांनी. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या पहिल्या जमण्यासाठी आहेत.

पहिले दोन दिवस पुस्तक उघडू नका

चहा द्या, गप्पा मारा. मग सहज विचारा, "गणित कधीपासून बोचायला लागलं रे?" बहुतेक मुलांना आठवतं. कुणी पाचवीत फळ्यासमोर उभं राहून रडलेलं असतं, कुणी आजारपणात महिनाभर शाळेत गेलेलं नसतं आणि नेमके तेव्हाच अपूर्णांक झालेले असतात, कुणाची शाळा मध्येच बदललेली असते. ऐकून घ्या. "त्यात काय एवढं" म्हणू नका. त्याच्यासाठी ते एवढंच होतं.

आईवडिलांशीही एकदा वेगळं बोला, मुलासमोर नको. "आमच्या घराण्यात कुणालाच गणित नव्हतं हो" हे वाक्य आपल्याकडे फार प्रेमाने, मुलाला धीर द्यायला म्हणून बोललं जातं. मुलाच्या कानात ते असं पडतं की हे आपल्या रक्तातच नाही, मग कशाला धडपडायचं? हे वाक्य घरातून बंद व्हायला हवं. दुसरी विनंती थोडी अवघड आहे. ज्या पालकाला स्वतःला गणिताची धास्ती आहे, त्याने काही दिवस गृहपाठ घ्यायला बसू नये. २०१५ साली अमेरिकेतल्या पहिली-दुसरीच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गणिताला घाबरणारे जे पालक वारंवार गृहपाठात मदत करत, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि मुलांची धास्तीही वाढली. तसेच घाबरणारे, पण गृहपाठात फारसे न पडणारे पालक होते, त्यांच्या मुलांत हे दिसलं नाही. आई चांगलं मन लावून शिकवत असते, पण तिचा आवाज चढतो, हात थरथरतो आणि मूल गणिताच्या आधी तेच शिकतं.

ही धास्ती नेमकं काय करते तेही माहीत असू द्या. हिशोब करताना आपण दोन-तीन आकडे मनात तात्पुरते धरून ठेवतो. ही धरून ठेवायची जागा मोठी नसते. "आता मला विचारतील, मला येणार नाही, सगळे हसतील" हे डोक्यात चालू असेल तर तीच जागा अडून बसते. म्हणून घरी येणारं गणित शाळेत येत नाही. मूल आळशी नसतं, खोटंही बोलत नसतं. "घरी तर सगळं येत होतं!" असं ते रडवेलं होऊन म्हणतं तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवा.

खड्डा कुठे आहे ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. दहावीचं मूल वर्गसमीकरणात अडलंय असं तुम्हाला सांगितलं जाईल. दहातल्या आठ वेळा ते अडलेलं असतं सहावीत.

एका कोऱ्या कागदावर पाचवी ते सातवीतले दहा प्रश्न लिहा. माझी चिठ्ठी साधारण अशी असते: एक हजारातून ३६८ गेले किती? सात अठ्ठे? तीन छेद पाच मोठा की तीन छेद आठ? अर्धा अधिक एक तृतीयांश? ०.५ गुणिले ०.५? उणे ७ अधिक ३? ७ वजा उणे ३? २४० चे १५ टक्के? दोन एक्स अधिक ३ बरोबर ११, तर एक्स किती? आणि शेवटी, अ अधिक ब या सगळ्याचा वर्ग काय?

वेळ लावू नका, मार्क देऊ नका, लाल पेन हातात घेऊ नका. त्याने सोडवलं की प्रत्येक उत्तराला विचारा, "हे कसं केलंस?" बरोबर उत्तरालाही विचारा. नाहीतर "कसं केलंस" म्हणजे "चुकलंस" असं मूल दोन दिवसांत ओळखतं. मग ऐकत राहा, कारण चुकीच्या उत्तरामागे जवळजवळ नेहमी एक विचार असतो. आठ पाचापेक्षा मोठे, म्हणून तीन छेद आठ मोठा. अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन छेद पाच, कारण वरचे वर मिळवले, खालचे खाली. पाचापाचा पंचवीस, म्हणून ०.५ गुणिले ०.५ म्हणजे २.५. यांपैकी एकही उत्तर अंदाजपंचे नाही. मुलाने कुठलातरी नियम पाळलाय, तो फक्त चुकीच्या जागी पाळलाय.

आता नियम सांगून दुरुस्त करू नका, त्याच्याच उत्तराला प्रश्न विचारा. "अर्धी गजकची वडी तुझ्याकडे होती. मी अजून थोडी दिली. आता तुझ्याकडे दोन छेद पाच आहे म्हणतोस. दोन छेद पाच अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?" मूल थांबतं. वर बघतं. "मग मिळवून कमी कसं झालं?" तो जो क्षण असतो तो घाईने भरून टाकू नका. दहा सेकंद, वीस सेकंद, गप्प बसा. सवय नसली तर फार जड जातं, मला अजूनही जातं. ०.५ चं असंच: अर्ध्याचा अर्धा म्हणजे पाव, हे प्रत्येक मूल जाणतं. फक्त दशांश चिन्ह दिसलं की ते जाणणं कुठेतरी पळून जातं. अ आणि ब च्या वर्गाला २ आणि ३ घालून बघायला सांगा. पाचाचा वर्ग २५, आणि चाराला नऊ मिळवले तर १३. मधले १२ कुठे गेले, हे त्यालाच शोधू द्या.

या चिठ्ठीवर तारीख घालून ती जपून ठेवा. पुढे लागणार आहे.

खड्डा भरताना

लाज वाटू देऊ नका, एवढंच इथे पाळायचं. दहावीच्या मुलासमोर सहावीचं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि तेवढ्यात धाकटी बहीण आली, तर त्या दिवसाचं काम संपलं. गणितं मी हाताने वहीत लिहून देते, पुस्तक दाखवतच नाही.

पाढे येत नसतील तर पाढ्यांचा कागद समोर उघडा असू द्या. यावर माझी मोठ्यांशी खूप वादावादी झाली आहे. "एवढा घोडा झाला, सातचा पाढा येत नाही?" असं म्हणणाऱ्यांना मी सांगते, कागद बघून तो आज समीकरण सोडवेल. कागद काढून घेतला तर सात अठ्ठे छप्पनवरच अडेल आणि समीकरण राहूनच जाईल. शिवाय आडवाटेने पोचायला शिकवा: सात चोक अठ्ठावीस येतं ना, मग त्याची दुप्पट. बघून बघून दोन महिन्यांत बहुतेक पाढे आपोआप बसतात.

अपूर्णांकांसाठी घरात आजोबा असतील तर त्यांना मध्ये घ्या. आपल्या जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, तोंडपाठ करून घेत. हा अपूर्णांकांचा गुणाकारच आहे, तोही कागदाशिवाय. माझ्याकडच्या एका मुलाच्या आजोबांनी त्याला सातची दीडपट, नऊची सव्वापट असं रोज जेवताना विचारायला सुरुवात केली. साडेदहा, सव्वाअकरा. तीन आठवड्यांनी तो मला म्हणाला, "काकू, म्हणजे तीन छेद दोनने गुणणं म्हणजे दिडकीच की!" हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

तीन भाषांची वही

हे आपल्याकडच्या मुलांचं खास दुखणं आहे आणि पुण्या-नाशिकच्या लोकांना ते चटकन कळणार नाही. घरात मराठी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी, कोचिंगला तिन्हींची खिचडी. आजी एकोणऐंशी म्हणते, सर उन्यासी म्हणतात, मुलाच्या मनात सेव्हन्टी नाईन. त्यात हिंदीतलं नवासी म्हणजे ८९. मी स्वतः पाहिलंय, रीत पूर्ण बरोबर आणि ७९ च्या जागी ८९ उतरवलेले. मूल गणितात चुकलंच नव्हतं, ऐकण्यात चुकलं होतं, आणि मार्क मात्र गणिताचे गेले.

शब्दांचंही तसंच. आपण अपूर्णांक म्हणतो, त्याच्या हिंदी पुस्तकात भिन्न असतं. आपला छेद म्हणजे त्याचा हर. आपली अंकगणिती श्रेढी म्हणजे समांतर श्रेढ़ी, संभाव्यता म्हणजे प्रायिकता, वर्गसमीकरण म्हणजे द्विघात समीकरण. लसावि म्हटलं तर हिंदी माध्यमाचं मूल तुमच्या तोंडाकडे बघत राहील. तेव्हा पहिल्या आठवड्यात एक पातळ वही करा, पानावर तीन रकाने आखा, आणि शब्द येईल तसा तिन्ही भाषांत मुलाकडूनच लिहून घ्या. समजावायला घरची भाषा वापरा, उत्तर लिहायला शाळेची. ही वही माझ्या मते कुठल्याही महागड्या गाइडपेक्षा उपयोगाची आहे.

रोजची बैठक

पंचवीस-तीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. रविवारी सलग तीन तास बसवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. सुरुवात कालच्या एखाद्या जमलेल्या गणिताने, शेवटही जमणाऱ्या गणिताने. मधे नवीन.

नवीन रीत शिकवताना लगेच दहा गणितं सोडवायला देऊ नका. १९८५ साली ऑस्ट्रेलियात जॉन स्वेलर यांनी सहकाऱ्याबरोबर बीजगणितावर प्रयोग केले. नवशिक्या मुलांना नुसती गणितं सोडवायला देण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणं अभ्यासायला दिली तर रीत लवकर बसते, असं त्यांत दिसलं. मी ते असं वापरते: पहिलं गणित पूर्ण सोडवून देते आणि प्रत्येक ओळीशेजारी "हे का केलं?" ते मुलाने लिहायचं. दुसऱ्यात शेवटची ओळ गाळलेली. तिसऱ्यात शेवटच्या दोन. असं करत करत सहावं गणित त्याचं एकट्याचं. धास्तावलेल्या मुलाला कोरा कागद फार भिववतो, आणि इथे कागद कधी पूर्ण कोरा नसतो.

बोलताना "हुशार आहेस" टाळा. आज हुशार ठरलेलं मूल उद्या चुकलं की मठ्ठ ठरतं, निदान स्वतःच्या मनात. जे केलं त्याचं नाव घ्या: "चिन्ह चुकलं होतं ते तुझं तूच पकडलंस." "आकृती काढलीस म्हणून दिसलं." आणि तुमचं स्वतःचं चुकलं की लपवू नका. मी एकदा मुलांसमोर वजाबाकीत हातचा विसरले आणि पंधरा मिनिटं उत्तर जुळेना. चूक एका मुलीने शोधली. ती त्या दिवसापासून प्रश्न विचारायला लागली.

पुस्तकाबाहेरचं थोडं

आठवड्यातून एक दिवस मार्कांशी संबंध नसलेलं काहीतरी करा. तीन गोष्टी सांगते.

देवळालीला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर होते (१९०५–१९८६). आयुष्यभर त्यांनी आकड्यांशी मैत्री केली. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा आकडा ६१७४. कुठलेही चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. मुलाला त्याचं जन्मवर्ष घेऊ द्या. समजा २०१०. मग २१०० वजा ००१२ बरोबर २०८८. पुढे ८८२० वजा ०२८८ बरोबर ८५३२. पुढे ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत कुठलीही संख्या इथेच येते, आणि मग हलत नाही. हातच्याची वजाबाकी जी मुलं टाळतात, ती आजीचं, मामाचं, कुत्र्याचं जन्मवर्ष घेऊन पाठोपाठ वीस वजाबाक्या करतात.

दुसरी गोष्ट आपल्या गावाची. माधव संगीत महाविद्यालय इथे १९१८ पासून आहे, आणि आपल्या घरांतली किती मुलं गाणं, तबला शिकतात. तीनतालाच्या मात्रा १६, म्हणजे समेपासून, तालाच्या पहिल्या मात्रेपासून, मोजत गेलं तर पुढची सम सतराव्या मात्रेवर. तिहाईत एकच तुकडा तीनदा वाजतो, मध्ये दोन सारखे विराम, आणि शेवट नेमका समेवर. तुकडा अ मात्रांचा, विराम ब मात्रांचा, तर तीन अ अधिक दोन ब बरोबर १७. हे दोन चलांतलं रेषीय समीकरण आहे, नववीच्या पुस्तकातलं. तबला वाजवणाऱ्या मुलीला विचारा, किती तऱ्हेने जमेल? पाच आणि एक, तीन आणि चार, एक आणि सात. ती हाताने टाळी देत शोधते. मग विचारा, तुकडा चार मात्रांचा का चालत नाही? माझ्याकडच्या मुलीने बराच वेळ टाळ्या दिल्या आणि म्हणाली, "विराम अर्ध्यात येतो काकू." आलेखाच्या कागदावर ते तीन बिंदू एका रेषेत पडलेले बघून तिचा जो चेहरा झाला तो मी विसरणार नाही.

आणि तिसरं, किल्ला. हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी मुलांना किला गेटच्या बाजूने पायी वर न्या. चढावर एकाच खडकात कोरलेलं लहानसं चतुर्भुज मंदिर लागतं. तिथल्या सन ८७६ च्या शिलालेखात देवळाला दिलेल्या बागेची मापं आहेत, २७० हात आणि १८७ हात, आणि रोज देवाला ५० हार. त्या २७० आणि ५० मधलं शून्य आज आपण काढतो तसंच गोल आहे, शेजारच्या अंकांपेक्षा जरा लहान. आपल्या देशात दगडावर कोरलेल्या, तारीख पक्की असलेल्या सर्वात जुन्या शून्यांपैकी हे आहे. जगभरचे लोक ते बघायला येतात आणि आपली मुलं त्याच्या समोरून सेल्फी काढत निघून जातात. तिथेच कठड्यावर बसवून विचारा: बाग किती चौरस हात? ५०,४९०. हात दीड फुटाचा धरला तर किती एकर? अडीचहून थोडी जास्त. वर्षाचे हार किती? १८,२५०. तो हिशोब जिवंत माणसांनी केला होता, माळ्याला फुलं पुरायला हवीत म्हणून.

परीक्षा जवळ आली की

सीबीएसईत २०२० च्या परीक्षेपासून दहावीला गणिताचे दोन स्तर आहेत, स्टँडर्ड आणि बेसिक. अभ्यासक्रम एकच, बेसिकची प्रश्नपत्रिका सोपी. पुढे गणित घ्यायचं नसेल तर बेसिक घेण्यात कमीपणा काही नाही, हे नातेवाइकांनाही ठणकावून सांगा. मध्य प्रदेश बोर्डाच्या मुलांनी काय पर्याय आहेत ते शाळेत नववीतच विचारून घ्यावं.

पेपरच्या आधी दहा मिनिटं मुलाला कागदावर लिहू द्या, कशाची भीती वाटतेय, अगदी मनातलं. मग तो कागद फाडला तरी चालेल. रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये नववीच्या मुलांवर हे करून पाहिलं होतं, आणि परीक्षेला फार घाबरणाऱ्यांचे मार्क त्याने सुधारले. पेपर हातात आल्यावर आधी येणारी गणितं शोधून त्यांवर खूण करायची आणि तिथून सुरुवात.

एक सावधगिरी. महिनोन् महिने नीट बसूनही मुलाला ६८ आणि ८६ मधला फरक पटकन दिसत नसेल, घड्याळ, सुटे पैसे, साधी मोजणी यांतही रोज गोंधळ होत असेल, तर ते शिकण्यातल्या अडचणीचं लक्षण असू शकतं. अशा वेळी तुमच्या बैठका वाढवू नका, तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्या. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात.

नाताळच्या सुटीत ती तारीख घातलेली चिठ्ठी बाहेर काढा, पण लगेच दाखवू नका. तेच दहा प्रश्न नव्या कागदावर लिहून द्या. मुलाने सोडवले की दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवा आणि चहा टाकायला आत जा. त्याला ते एकट्याने बघू द्या.